ओकिनावाचं गोजू-ऱ्यू कराटे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लासबाहेर थांबलेले पालक, ब्राऊन बेल्टपर्यंत पोहोचलेली मुलं आणि चाळिशीत पहिल्यांदा गी, म्हणजे कराटेचा पांढरा पोशाख, अंगात चढवणारे, या सगळ्यांकडून जे प्रश्न हटकून येतात ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

गोजू-ऱ्यू म्हणजे नेमकं काय?

ओकिनावा बेटावरच्या नाहा या बंदराच्या शहरात घडलेलं कराटेचं एक घराणं. ओकिनावात आज तीन घराणी ठळक आहेत: शोरिन-ऱ्यू, उएची-ऱ्यू आणि गोजू-ऱ्यू. गोजू-ऱ्यूची लढाई जवळून होते. उंच लाथा कमी, आखूड ठोसे, पकड, सांधे मुरगळणं जास्त. श्वासावर भर एवढा की नवख्या माणसाला आधी तो आवाजच चमकवतो.

ओकिनावा म्हणजे जपानच ना? मग ‘ओकिनावन’ असं वेगळं का सांगतात?

आज जपानच. पण १८७९ पर्यंत तिथे ऱ्यूक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. त्याची भाषा वेगळी होती आणि चीनशी त्याचा शेकडो वर्षांचा व्यापार होता. चीनच्या फुजियान प्रांतातल्या फुझोऊ शहरात ऱ्यूक्यूच्या लोकांसाठी खास वखार होती. कराटेचं मूळ शोधायला लागलात की वाट टोकियोकडे न जाता याच वखारीकडे वळते. त्यामुळे ओकिनावाची माणसं ‘कराटे ही जपानी कला’ हे वाक्य ऐकून हसतात, पण नाराजी लपत नाही.

याची सुरुवात कुणी केली?

गोजू-ऱ्यूचे संस्थापक चोजुन मियागी. पण गोष्ट त्यांच्या गुरूंपासून सांगावी लागते. कानऱ्यो हिगाओन्ना यांचा जन्म १८५३ साली नाहात झाला. तरुणपणी ते फुझोऊला गेले आणि तिथे ऱ्यू ऱ्यू को या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुरूकडे शिकले. हा गुरू नक्की कोण, यावर अभ्यासक अजून भांडतात. हिगाओन्ना तिथे किती वर्षं राहिले याबद्दलही प्रत्येक शाखेचा आकडा निराळा आहे आणि शाखा जितकी अभिमानी तितका तो मोठा. परतल्यावर त्यांनी नाहात शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या शिकवणीचा गाभा एकच होता, सान्चिन नावाचा काता (काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींची मालिका).

मियागींचा जन्म २५ एप्रिल १८८८ चा. घर व्यापाऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. चौदाव्या वर्षी, १९०२ मध्ये, ते हिगाओन्नांकडे आले. पोटापाण्याची चिंता नसल्यामुळे त्यांना दिवसदिवस सराव करता आला. हा भाग चरित्रकार सहसा दोन ओळींत उरकतात, पण माझ्या मते या घराण्याच्या वाढीचं ते मोठं कारण आहे. १९१५ मध्ये गुरू वारले. त्याच वर्षी मियागीही फुझोऊला जाऊन आले, गुरूच्या गुरूचा माग काढायला.

‘गोजू’ हे नाव कसं पडलं?

बाहेरच्या माणसाने विचारलेल्या एका प्रश्नामुळे. १९३० च्या सुमारास टोकियोत युद्धकलांची मोठी प्रात्यक्षिकं होती. मियागींनी तिथे आपले पट्टशिष्य जिनआन शिंझातो यांना पाठवलं. प्रात्यक्षिक झाल्यावर कुणीतरी विचारलं, ‘आपलं घराणं कोणतं?’ शिंझातोंकडे उत्तर नव्हतं, कारण ओकिनावात अशी नावंच नव्हती. नाहातलं ते नाहा-ते, शुरीतलं ते शुरी-ते. ‘ते’ म्हणजे हात. फार तर ‘अमक्याकडे शिकतो’ एवढीच ओळख. जपानच्या मुख्य भूमीवर मात्र तलवारबाजीपासून जुजुत्सूपर्यंत प्रत्येक विद्येला नाव, प्रमुख आणि लेखी वंशावळ लागायची.

शिंझातो परतले आणि त्यांनी ही अडचण गुरूंच्या कानावर घातली. ओकिनावात हाताने उतरवून घेतलेली बुबिशी नावाची एक चिनी पोथी जुन्या गुरूंकडे असायची. तिच्यातल्या आठ सूत्रांपैकी एकात कठोर आणि मृदू, श्वास आत घेणं आणि बाहेर सोडणं यांचा उल्लेख आहे. मियागींनी त्यातलेच दोन शब्द उचलले: ‘गो’ आणि ‘जू’, कठोर आणि मृदू.

सरकारदरबारी मान्यता कधी मिळाली?

१९३३ मध्ये. क्योतोमध्ये १८९५ साली स्थापन झालेली दाई निप्पोन बुतोकुकाई ही संस्था तेव्हा जपानमधल्या सगळ्या युद्धकलांवर देखरेख ठेवायची. तिच्याकडे गोजू-ऱ्यू या नावाची रीतसर नोंद झाली. पुढे १९३७ मध्ये मियागींना तिचा ‘क्योशी’ हा किताबही मिळाला.

ही नुसती सही-शिक्क्याची बाब नव्हती. त्याआधी कराटे म्हणजे कुणाच्या तरी अंगणात, बहुतेक वेळा उघड्या अंगाने आणि लंगोटावर करायची गोष्ट होती. मान्यतेबरोबर ठरलेला गणवेश, पट्टे, श्रेणी आणि शिकवण्याचा एकसारखा क्रम आला. आज मुलाच्या कपाटात असलेला पांढरा ड्रेस आणि रंगीत बेल्ट हे ओकिनावाचं प्राचीन देणं नाही. ज्युदोकडून उचललेली ती विसाव्या शतकातली सोय आहे. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो १९२७ मध्ये स्वतः ओकिनावाला आले होते आणि त्यांनी मियागींचं प्रात्यक्षिक पाहिलं होतं. त्या भेटीनंतर मियागींचं मुख्य भूमीवर येणं-जाणं वाढलं.

२५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहात एका वृत्तपत्राने जुन्या गुरूंची बैठक बोलावली. मियागी तिथे होते, त्यांचे गुरुबंधू जुहात्सू क्योदा होते, मोतोबू, क्यान, चिबाना, हानाशिरो अशी बडी मंडळी होती. तोवर कराटे ज्या अक्षरांत लिहिलं जाई त्यांचा अर्थ ‘चिनी हात’ असा होत असे. उच्चार तोच ठेवून ‘रिकामा हात’ असा अर्थ देणारी अक्षरं वापरायचं तिथे पक्कं झालं. वर्षभरात जपानने चीनविरुद्ध पूर्ण युद्ध सुरू केलं. त्या काळात ‘चिनी’ नाव मिरवून सरकारी शाळांत शिरणं जमलं नसतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत असणार. मान्यता मिळाली, पण तिच्यासाठी आपल्याच वाडवडिलांचा पत्ता थोडा खोडावा लागला.

ओकिनावाबाहेर पहिलं पाऊल कुठे पडलं?

एक क्योतोत, दुसरं थेट हवाईत. क्योतो-ओसाका भागातल्या विद्यापीठांत मियागी १९२८ पासून जाऊन शिकवत होते. हवाईत उसाच्या मळ्यांवर गेलेली ओकिनावाची माणसं मोठ्या संख्येने होती. तिथल्या काउआई बेटावरच्या एका जपानी वृत्तपत्राच्या संपादकांनी १९३४ मध्ये मियागींना बोलावून घेतलं. ते तिथे काही महिने राहिले आणि १९३५ च्या सुरुवातीला परतले. येताना एक नवं साधन डोक्यात घेऊन आले: कोंगोकेन, म्हणजे लांबट लंबगोल आकाराची जड लोखंडी कडी. हवाईतल्या पहिलवानांकडे त्यांनी तसलं काही पाहिलं होतं. आज जी गोष्ट ‘अस्सल ओकिनावन परंपरा’ म्हणून दाखवतात, ती तीसच्या दशकात समुद्रापारहून आली. परंपरेच्या नावाने फार कडक होणाऱ्यांना हे अधूनमधून सांगावं लागतं.

युद्धात काय झालं?

जवळपास सगळं गेलं. १० ऑक्टोबर १९४४ च्या हवाई हल्ल्यात नाहा शहराचा बहुतांश भाग जळाला. १९४५ च्या एप्रिल ते जूनमध्ये बेटावर प्रत्यक्ष लढाई झाली. तिच्यात दोन लाखांवर माणसं मेली आणि ओकिनावाच्या नागरिकांपैकी सुमारे चौथा हिस्सा संपला. मियागींनी आपली काही मुलं गमावली. त्यांनी जमवलेली टिपणं, पुस्तकं, घर काही उरलं नाही. ज्याच्याकडे वारसा जाणार असं सगळे धरून चालले होते ते शिंझातोही गेले.

१९४६ मध्ये मियागी पोलिसांना शिकवू लागले आणि पुढे नाहाच्या त्सुबोया भागात घराच्या अंगणात पुन्हा वर्ग भरू लागले. डोक्यावर छप्पर नाही, खाली माती. त्या अंगणातून घडलेली पोरं पुढे जगभर गेलेल्या शाखांची मूळ माणसं झाली. ८ ऑक्टोबर १९५३ रोजी मियागी वारले.

मियागींचा खरा वारस कोण?

हा प्रश्न ओकिनावात चहाच्या टेबलावर विचारू नये, असा माझा प्रेमाचा सल्ला आहे.

मियागींनी लेखी वारस नेमला नाही. शिवाय त्यांची शिकवण्याची पद्धतच अशी होती की एका शिष्याकडे सगळं सापडणार नाही. सान्चिन सगळ्यांना, वर्षानुवर्षं. त्यापुढचा काता मात्र ज्याच्या त्याच्या अंगकाठीप्रमाणे आणि वकुबाप्रमाणे. एकाला सेपाई, दुसऱ्याला कुरुरुंफा, तिसऱ्याला आणखी काही. गुरू गेल्यावर शिष्यांनी आपापल्या वाटणीचा ऐवज उघडला आणि प्रत्येकाला वाटलं, पूर्ण पेटी आपल्याकडेच आहे.

सगळ्यात जुने शिष्य सेको हिगा. त्यांनी हिगाओन्नांकडेही धडे घेतले होते. एइची मियाझातो पोलिसांत होते आणि ज्युदोतही मुरलेले. गुरूंची सरावाची साधनं कुटुंबाने त्यांच्या हवाली केली आणि १९५७ मध्ये त्यांनी नाहाच्या आसातो भागात जुंदोकान हा दोजो, म्हणजे सरावाची जागा, उभा केला. मेइतोकु यागी यांची शाखा मेइबुकान. त्यांना मियागी कुटुंबाने १९६३ मध्ये गुरूंचा गी आणि पट्टा दिला. सेइकीची तोगुची यांचं शोरेइकान. म्हणजे एका घरात गुरूची साधनं, दुसऱ्या घरात गुरूचा पट्टा, आणि दोन्ही घरं आपापल्या जागी बरोबर.

मला विचाराल तर या घराण्याची वाढ याच फाटाफुटीतून झाली. एकच गादी असती तर शिस्त राहिली असती, पण एका गादीच्या आवाक्यात जेवढं मावतं तेवढंच शिकवलं गेलं असतं. चार-पाच स्वतंत्र गुरूंनी आपापल्या दिशेला माणसं पाठवली आणि प्रत्येकाने परदेशातून आलेल्यांना आपलं दार उघडलं. भांडणं झाली, होत आहेत. पण प्रसारही त्यातूनच झाला.

गुरुबंधू क्योदा यांनी तर गोजू हे नावच घेतलं नाही. त्यांनी आपल्या शिकवणीला तोऑन-ऱ्यू म्हटलं, गुरूच्या आडनावाच्या अक्षरांवरून. मूठभर माणसांत ती शाखा आजही टिकून आहे.

मियागींनी ब्लॅक बेल्ट किती जणांना दिले?

एकालाही नाही, असंच ओकिनावातल्या जुन्या शिष्यांचं म्हणणं आहे. बेटावर दान श्रेणी, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, पक्क्या रुजल्या त्या १९५६ मध्ये घराण्यांचा संयुक्त महासंघ स्थापन झाल्यानंतर. सहा महिन्यांत ब्लॅक बेल्टची हमी देणारा फलक दिसला की ही गोष्ट आठवा.

क्लासच्या पाटीवर ‘गोजू-काई’ आहे. ते आणि ओकिनावन गोजू-ऱ्यू एकच का?

भावकी आहे, घर वेगळं. क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठातून पुढे आलेले गोगेन यामागुची (१९०९–१९८९) यांनी मुख्य भूमीवर जी शाखा वाढवली ती गोजू-काई. मोकळी लढत, म्हणजे जियू कुमिते, तिथे लवकर रुजली आणि स्पर्धेचं वळणही तिथलंच. जपानच्या राष्ट्रीय महासंघात शोतोकान, वादो-ऱ्यू आणि शितो-ऱ्यू यांच्या बरोबरीने गोजूला जी चौथी खुर्ची मिळाली, तिच्यामागे यामागुचींचा मोठा हात आहे.

ओकिनावाच्या दोजोत त्या मानाने साधनांचा व्यायाम, जोडीने हात घासून करायचा काकिए आणि सान्चिन यांना जास्त वेळ जातो. दोन्हीकडे काता बहुतेक तेच असतात, फक्त वळणं बदलतात. ‘खरं’ कोणतं असं विचारू नका. तुमच्या मुलाला स्पर्धा खेळायची आहे की आयुष्यभर करता येईल असं काही शिकायचं आहे, ते आधी ठरवा.

शितो-ऱ्यूचाही इथे संबंध आहे. त्याचे संस्थापक केनवा माबुनी मियागींचे स्नेही आणि हिगाओन्नांच्याच परंपरेतले. म्हणून शितो-ऱ्यूच्या मुलांना सेइएन्चिन किंवा सेपाई करताना पाहून दचकायचं कारण नाही. ते त्यांचंही आहे.

सान्चिनमध्ये एवढं काय आहे? पाहायला तर काहीच होत नाही.

बाहेरून खरंच काही होत नाही. तीन पावलं पुढे, वळण, थोडं मागे, काही ठोसे. एखाद्या लहान खोलीत मावेल.

आता जवळून पाहा. अंगात सदरा नाही. पाऊल अर्धचंद्रासारखं आत येऊन बाहेर सरकतं आणि जमिनीवर पडताच बोटं फरशी धरू पाहतात. गुडघे किंचित आत, कंबर वर उचललेली, कोपर बरगड्यांपासून मुठीच्या अंतरावर. श्वास नाकाने आत, पोटाच्या तळापर्यंत, आणि तोंडाने बाहेर, घशातून ऐकू येईल असा. मागे शिक्षक उभे असतात. ते आधी दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवून दाब देतात आणि खांदे वर चढलेत का ते पाहतात. मग पाठीचे स्नायू बोटांनी चाचपतात. मांडीवर सपकन एक थाप, पोटरीला पायाचा धक्का. ठोसा निघत असताना मुठीला समोरून विरोध करतात. या तपासणीला शिमे म्हणतात. शिक्षा करण्याचा हेतू नसतो. जिथे ताण सुटला तिथे हात पडतो, म्हणजे शिकणाऱ्याला ती जागा कळते. थाप जोरात मारली म्हणजे शिकवणं उच्च, असं समजणारेही शिक्षक आहेत. त्यांच्यापासून मुलांना लांब ठेवा. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून सान्चिन करू नये. आधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकांनाही स्पष्ट सांगा.

सान्चिनच्या जोडीला मियागींनी स्वतः बांधलेला तेन्शो आहे, उघड्या हातांचा, पाण्यासारखा. नवशिक्यांसाठीचे दोन गेकिसाई मात्र बरेच अलीकडचे, १९४० च्या सुमाराचे. शाळांतून सगळ्यांना शिकवता येतील असे सोपे काता हवेत म्हणून ते मुद्दाम रचले गेले.

साधनांची गंमत आपल्या लोकांना लगेच कळते. चिशी म्हणजे लाकडी दांड्याच्या टोकाला दगड किंवा सिमेंटचं वजन. तालमीत करेल फिरवलेल्या माणसाच्या हातात ती दिली की तो विचारतो, एवढी छोटी का? निगिरीगामे म्हणजे तोंडाला कड असलेले मातीचे घडे. पाचही बोटांनी कडेला धरून, हात खाली सोडून, सान्चिनच्या चालीने चालायचं. आत हळूहळू वाळू वाढवायची. माकिवारा म्हणजे ठोसे मारण्यासाठी जमिनीत रोवलेली फळी. ती पहिल्या वर्षात मुलांना देऊ नये.

‘मिस्टर मियागी’ खरंच होते का?

‘द कराटे किड’ (१९८४) या सिनेमातलं पात्र काल्पनिक आहे, आडनाव चोजुन मियागींचं. पटकथाकार रॉबर्ट मार्क केमन स्वतः ओकिनावन गोजू-ऱ्यू शिकलेले होते. शेवटची ती एका पायावरची लाथ मात्र गोजू-ऱ्यूच्या कोणत्याही कात्यात शोधू नका. तरीही बुतोकुकाईच्या नोंदीने जेवढे लोक या नावापर्यंत आले नाहीत तेवढे त्या एका सिनेमाने आणले, हे कबूल करायला जुन्या माणसांना जड जातं.

जगभर पसरलं कसं?

सिनेमाच्या आधीच वाट पडली होती. १९७२ पर्यंत ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होता आणि लष्करी तळांवरचे हजारो तरुण संध्याकाळी करायला काहीतरी शोधत असत. त्यातले काही दोजोत आले, काही टिकले आणि घरी परतल्यावर गॅरेजमध्ये किंवा चर्चच्या सभागृहात वर्ग सुरू केले. दुसरी वाट शिक्षकांच्या स्थलांतराची. मोरिओ हिगाओन्ना (जन्म १९३८, कानऱ्यो यांचे वंशज नव्हेत, आडनाव तेवढं एक) आधी टोकियोत शिकवत होते. १९७९ मध्ये त्यांनी ओकिनावन गोजू-ऱ्यूची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. तिची स्थापना झाली इंग्लंडमधल्या पूल या गावी. ओकिनावाच्या घराण्याची जागतिक संस्था इंग्लंडच्या किनाऱ्यावर जन्माला यावी, यातच तोवरच्या प्रसाराचा नकाशा दिसतो.

खुद्द ओकिनावा प्रशासनाने दखल कधी घेतली?

आश्चर्य वाटेल, पण उशिरा. १९९७ मध्ये प्रांताने कराटे आणि जुन्या शस्त्रविद्येला अमूर्त सांस्कृतिक संपदा म्हणून मान्यता देऊन तिचे अधिकृत धारक जाहीर केले. पहिल्या तिघांत गोजू-ऱ्यूचे मेइतोकु यागी होते. बाकी दोघे शोशिन नागामिने आणि सेइकी इतोकाझू, म्हणजे तिघेही वेगवेगळ्या घराण्यांचे. २०१३ च्या यादीत मोरिओ हिगाओन्ना आले. २००५ मध्ये प्रांतिक विधानसभेने २५ ऑक्टोबर हा कराटे दिन ठरवला, ती १९३६ च्या बैठकीची तारीख. त्या दिवसाच्या निमित्ताने २०१६ मध्ये नाहाच्या कोकुसाई रस्त्यावर जवळपास चार हजार माणसांनी एकाच वेळी काता करून गिनीज विक्रम नोंदवला. मार्च २०१७ मध्ये तोमिगुसुकु शहरात ओकिनावा कराटे कैकान ही मोठी वास्तू उघडली. तिथे दोजो आहे, संग्रहालय आहे आणि खास प्रसंगांसाठी राखलेलं वेगळं दालन आहे. आता युनेस्कोच्या यादीसाठी प्रयत्न चालू आहेत.

या सगळ्यात पर्यटनाचा हिशोब आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण युद्धात कागद जळालेल्या बेटावर वृद्ध गुरूंना हयातीत सरकारी मान मिळाला, त्यांचं काम चित्रित झालं, नोंदवलं गेलं, ही कमाई खरी आहे.

ऑलिम्पिकमध्ये गोजू-ऱ्यूला काय मिळालं?

थेट म्हणाल तर काही नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, ६ ऑगस्ट २०२१ रोजी, पुरुषांच्या काता प्रकाराचं सुवर्ण ओकिनावाच्या ऱ्यो कियुना यांनी जिंकलं. त्यांचं घराणं ऱ्यूएई-ऱ्यू. गंमत अशी की त्या घराण्याची परंपराही फुझोऊच्या ऱ्यू ऱ्यू को यांच्यापर्यंतच जाते. फरक एवढाच की नाकाइमा कुटुंबाने ती विद्या पिढ्यानपिढ्या घराबाहेर जाऊ दिली नाही. बाहेरच्यांना ती सत्तरच्या दशकात मिळू लागली. तिथून सुमारे पन्नास वर्षांत ऑलिम्पिक सुवर्ण. गोजू-ऱ्यूने त्याच काळात जगभर शाखा उघडल्या. कोणता मार्ग बरा, याचा निकाल मी देणार नाही. पॅरिसच्या २०२४ च्या खेळांतून कराटे वगळलं गेलं, तेव्हा ऑलिम्पिकच्या आशेने मुलांना क्लासला घालणाऱ्या पालकांनी हेही लक्षात ठेवावं.

जगात किती लोक कराटे करतात?

ओकिनावातून १३ कोटी असा आकडा सांगितला जातो. मोजणी कुणी आणि कशी केली ते विचारू नये. बेटावर चारशेच्या आसपास दोजो आहेत, हे मात्र तिथे फिरताना पटतं. एखाद्या घराच्या खालच्या मजल्यावर, किराणा दुकानाच्या बाजूला, छोटीशी लाकडी पाटी.

आमच्या गावातला क्लास अस्सल आहे का, हे कसं ओळखू?

भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवरून नाही. शिक्षकांना तीन गोष्टी विचारा. तुम्ही कुणाकडे शिकलात? ते कुणाकडे? आणि तुम्ही स्वतः अजून कुणाकडे शिकता? तिसऱ्या प्रश्नाला जो चिडतो त्याच्याबद्दल विचार करा. सान्चिन वर्षभरात एकदाही झाला नसेल तर पाटीवरच्या नावाला अर्थ नाही. दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग आणि दर ग्रेडिंगला फी, हा प्रकार मुंबईपासून नागपूरपर्यंत सगळीकडे आहे. त्यातली फी किती आणि शिकवणं किती, हे पालकांना दोन-तीन महिने बाकावर बसून पाहिलं की कळतं.

शालेय क्रीडा स्पर्धा आणि दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी संघटनेची मान्यता महत्त्वाची असते, घराण्याची नाही. आपल्याकडे संघटनांचे वाद कोर्टकचेरीपर्यंत गेलेले आहेत. म्हणून प्रवेशिका भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात त्या वर्षी कोणतं प्रमाणपत्र चालतं ते विचारून घ्या. दोजोतल्या भिंतीवर ओकिनावाचा शिक्का असला तरी तो त्या खिडकीवर उपयोगाचा नाही.

ओकिनावाला जाऊन शिकता येतं का?

येतं. कराटे कैकानमध्ये परदेशी अभ्यागतांसाठी माहिती केंद्र आहे. तुमची शाखा, अनुभव आणि मुक्काम कळवला की योग्य दोजो शोधून द्यायला ते मदत करतात. तुमच्या शिक्षकांची दोन ओळींची ओळखचिठ्ठी असेल तर उत्तम. गी पांढराच न्या, पाठीवर क्लासचं मोठं नाव छापलेला नको. बेल्ट कोणताही असो, रांगेत शेवटी उभं राहायची तयारी ठेवा. आपला काता त्यांच्यापेक्षा वेगळा निघाला तर ‘आमच्याकडे असं करतात’ हे वाक्य गिळा. फोटो काढण्याआधी विचारा.

नाहाच्या विमानतळावरून मोनोरेल आहे. आसातो स्थानकावर उतरलात की जुंदोकान चालत जाण्याच्या अंतरावर. मात्सुयामा उद्यानात हिगाओन्ना आणि मियागी यांचं स्मारक आहे, तेही शहरातच. मुंबईहून थेट विमान नाही, मध्ये कुठेतरी बदलावं लागतं, आणि व्हिसा आधी काढावा लागतो. जुलै ते सप्टेंबर हा वादळांचा मोसम. त्या काळात विमानं रद्द होतात आणि दोजोही बंद राहतात, म्हणून परतीच्या तिकिटात दोन दिवस मोकळे ठेवा.